कळशी मुलग्यांच्या डोक्यावर





या अंकाचे संपादकीय कुणी लिहायचे यावर आमच्या गटात नेहमीसारखी टोलवाटोलवी झाली आणि शेवटी ते माझ्या गळ्यात पडले. कारण, 'शाळेचे लचांड तूच अंगावर घेतलेस!' आरोप खरा आहे. गेल्या शैक्षणिक वर्षात बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात आम्ही सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर काही शनिवार घालवले. वर्गात नव्हे, वर्गाबाहेर. गावाचे आणि शाळेचे नाव मुद्दाम देत नाही. जे घडले त्यातले बरेचसे कुठल्याही गावात घडले असते.

'आपला गट बायकांचा, आपण पोरांच्या शाळेत कशाला शिरायचे?' हा प्रश्न गटातच विचारला गेला. प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे आधीच काम थोडे आहे का? सल्ला केंद्रावर आठवड्याला बाया येतात, पोलीस ठाण्याच्या खेपा असतात, बचत गटाचे हिशेब असतात. पण सल्ला केंद्रावरच हा विषय माझ्या डोक्यात शिरला. समोर बसलेला नवरा अठ्ठावीस-तीस वर्षांचा असतो. बायको तापाने फणफणली होती, हे त्याला ठाऊक असते. ती त्या दिवशीही पाण्याला गेली, हेही ठाऊक असते. तो खोटे बोलत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मात्र त्याच्या मनाला शिवलेले नसते. त्याला मी रागावू शकते, कायदा सांगू शकते, कागदावर सही घेऊ शकते. तीस वर्षांत जे शिकला नाही ते पाऊण तासात कसे शिकवणार? मग वाटू लागले, आपण फार उशिरा पोचतो.

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला 'एम्पथी'वर मोठे प्रकरण होते. दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून पाहणे, असे ते समजावले जाई. तेव्हाही मला वाटे, ज्यांच्याबरोबर आपण काम करतो त्यातल्या निम्म्या बायांच्या पायात चप्पलच नसते! आपल्या भाषेत यापेक्षा परखड म्हण आहे : जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. तेवढे मात्र फार कठीण. वंशाला कोण जाणार? पण विहिरीपर्यंत तर जाता येते.

शब्दाचीही गंमत पाहा. सहानुभूती म्हणजे खरे तर सह-अनुभूती, बरोबरीने अनुभवणे. हा इतका नेमका शब्द आपण वापरून वापरून पार गुळगुळीत केला. आता वर्तमानपत्रात निवडणुकीच्या वेळी सहानुभूतीची लाट येते आणि अर्जात 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असे लिहितात. म्हणजे दया. शाळांतही बहुतेक ठिकाणी दयाच शिकवली जाते. वर्षातून एकदा मुलांना अनाथाश्रमात किंवा वृद्धाश्रमात नेतात, बिस्किटांचे पुडे वाटतात, फोटो काढतात. पुडा देणारे मूल काय शिकते हे नीट सांगता येणार नाही, पण रांगेत उभे राहून तो घेणारे मूल काय शिकते ते आपल्या सगळ्यांना कळते.

तर आमचा पहिला शनिवार. तो साफ फसला, हे आधीच सांगते. आम्ही मुलांना घेऊन ओढ्याकाठी गेलो. झाडे ओळखली, दगडांचे प्रकार पाहिले, मुंग्यांच्या वारुळापाशी अर्धा तास बसलो. मुले खूष होती, आम्हीही खूष. मग भेळेची वेळ झाली. बरोबर आलेले शिक्षक अगदी सहज म्हणाले, 'चला मुलींनो, कांदा चिरून घ्या.' मुली उठल्या. मुलगे पाण्यात दगड मारत बसले. मी तिथेच होते. मी काय केले? मीही विळी हातात घेतली! घरी आल्यावर लक्षात आले की मुंग्यांविषयी कणव वाटण्याचा धडा आम्ही फार छान घेतला आणि शेजारी बसलेल्या मुलीविषयीचा धडा आमच्या डोळ्यांदेखत उलटा शिकवला गेला. निसर्गात नेले की मुले आपोआप हळवी होतात, हा शहरी समज आहे. गावातली मुले निसर्गातच असतात. गुरे त्यांच्याकडे असतात, पाऊस त्यांच्या डोक्यावर असतो. मोकळ्या हवेने माणूस सुधारत असता तर आपल्या सगळ्या खेड्यांत बायकांचे राज्य सुखाचे नसते का?

दुसऱ्या वेळी आम्ही विषयच बदलला. मार्च लागला होता. त्या वस्तीत दारोदार नळाच्या तोट्या बसल्या आहेत, पण उन्हाळ्यात त्यांतून हवाच येते. पाणी खालच्या विहिरीवरून. आम्ही ठरवले, पाण्याची वाट मोजायची. मुलींनी मोजायची आणि मुलग्यांनी वाहायची.

मुलींच्या हातात दोरी, वही, पेन्सिल. विहिरीपासून वरच्या आळीपर्यंत त्यांच्या पावलांनी ६४० पावले भरली, त्यातला निम्मा चढ. कळशीत पाणी मापून ओतले तर दहा लिटर मावले. एका लिटरचे वजन एक किलो, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होते, पण कळशी आणि ते वाक्य कधी शेजारी आले नव्हते. मग फळ्याऐवजी विहिरीच्या काठावर कोळशाने हिशेब झाला. आई दिवसाला सहा खेपा घालते. जाऊन-येऊन ७,६८० पावले. त्यातली ३,८४० डोक्यावर वजन घेऊन, निम्मी चढाची. दिवसाचे साठ किलो पाणी. एक मुलगी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'साठ किलो म्हंजी माझी आई सोताच.' आपल्या वजनाइतके पाणी ती रोज वर आणते, असे तिला म्हणायचे होते.

मुलग्यांचे निराळे चालले होते. पहिली गोष्ट, एकानेही कळशी डोक्यावर घेतली नाही. खांद्यावर घेतली, पोटाशी धरली, दोघांनी मिळून काठीला अडकवली. डोक्यावर घ्यायची ती बायकांनी! मी हट्ट धरला नाही. थोड्या वेळाने खांदे दुखू लागले, मान वाकडी झाली. मग एकाने इकडे-तिकडे बघून शर्टाची चुंबळ केली आणि कळशी डोक्यावर ठेवली. 'ताई, असं हलकं वाटतं!' बायका पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर पाणी वाहतात त्यात त्यांचा बावळटपणा नसून शहाणपण आहे, हे त्या पोराला मानेने सांगितले. मी दहा भाषणांत सांगू शकले नसते.

पण वाटेत मारुतीचा पार लागतो. पारावर माणसे बसलेली. 'का रे, बायकू कधी आणली?' 'बांगड्या भरायच्या राहिल्या की!' हशा पिकला. दोघा-तिघांनी कळश्या तिथेच खाली ठेवल्या. एक जण तर पळाला. राहिलेले मान खाली घालून वर गेले. मी ते पाहिले आणि मला त्या मुलांची दया नाही, काळजी वाटली. मुलग्याचे मन मऊ होऊ नये यासाठी गावात किती पहारे बसलेले असतात! मूल कठोर जन्माला येत नाही. पाराजवळून जाता जाता त्याला कठोर केले जाते. त्याला आईचे ओझे कळले, पण कळल्याचे दाखवण्याची किंमतही त्याच क्षणी कळली.

दुसऱ्या दिवशी एक आई भांडायला आली. 'माझ्या पोराला बाईचं काम लावता? शाळा कशाला घातलाय त्याला?' तिच्या बोलण्यातला राग मला समजला. ती आणि तिचा नवरा ऑक्टोबरात कोयता घेऊन कारखान्याच्या हद्दीत जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पोरगा आजीजवळ ठेवतात, तो शिकावा म्हणून. तिला मुलाने ओझे वाहण्यापासूनच सुटायला हवे आहे आणि आम्ही त्याच्या डोक्यावर ओझे ठेवले. तिला आम्ही मोजलेला हिशेब सांगितला. तिने ऐकला, ती गप्प झाली, पण तिला पटले असे मी लिहिणार नाही.

इथे थोडे मागे जाते, कारण हा वाद नवा नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. शिक्षक कसे हवेत हेही सांगितले होते. नांगराचा रुमणा किंवा सुताराचे हत्यार हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही, असे. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला, आणि सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम्‌ यांनी ती चालवून दाखवली. सूतकताई, शेती, स्वयंपाक, सफाई, सगळे मुलामुलींनी मिळून. सफाईचे काम कुठल्या एका जातीचे नाही, हे तिथे हाताने शिकवले जात होते. सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा याच विचाराने पुन्हा चालते आहे.

पण नई तालीम देशभर का रुजली नाही, याचे एकच उत्तर 'सरकारने टाळाटाळ केली' असे देऊन भागणार नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानेच काम केले, त्यांना शाळेतही हातानेच काम करा म्हटल्यावर शंका येणारच. कातडे कमावणाऱ्याच्या मुलाला कातडे कमावणे शिकवणारी शाळा त्याला कुठे नेणार होती? त्याला खडू-फळा हवा होता, इंग्रजी हवे होते, कचेरीतली खुर्ची हवी होती. त्या भांडायला आलेल्या आईचा प्रश्न तोच होता. श्रमाची प्रतिष्ठा आधी त्यांनी शिकायची ज्यांनी श्रम टाळले. ज्यांच्यावर श्रम लादले त्यांना तो धडा पुन्हा कशाला?

म्हणून कोणते काम कोणाच्या हातात देतो, हाच सगळा प्रश्न आहे. मला माहीत असलेल्या एका शाळेत 'श्रमदाना'च्या तासाला कुणाला झाडांना आळी, कुणाला मैदान, कुणाला वाचनकोपरा अशी वाटणी होती. शौचालय रोज एकाच वस्तीतल्या मुलांकडे. विचारले तर उत्तर मिळाले, 'त्यांना सवय असते हो!' बोलणारा माणूस दुष्ट नव्हता. वर्गात समतेची गाणी तोच सुरात म्हणून घेत असे. आम्ही हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावा म्हटले आणि यादीत शिक्षकांचीही नावे घाला म्हटले. मुलांची नावे लागली. शिक्षकांची लागायला आणखी एक सत्र गेले आणि सरपंचबाईंना मध्ये पडावे लागले.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटतात ती बोर्डी-कोसबाडची माणसे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून आलेल्या. मोठे नाव झालेले. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बरोबर पस्तिशीच्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या. याच १९४५ साली त्याच टापूत गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहत होते, हेही विसरू नये. जमीनदाराच्या गवतावर वेठीला राबणाऱ्यांची मुले बालमंदिरात कुठून येणार? ती आली नाहीत. मग या बायकांनी काय केले? मुलांना दोष न देता शाळाच उचलली आणि वाडीतल्या अंगणात नेऊन मांडली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मोठी मुले गुरांमागे जात, तर शिक्षक गुरांमागे गेला. कुरणशाळा! चरणाऱ्या गुरांवर एक डोळा ठेवून पाने, बिया, दगड, शिंपले मांडून मोजणी शिकायची. पन्नाशीच्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. त्यामुळे धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीला भावंड पाळणाघरात ठेवून वर्गात बसता येई.

कोसबाडला दुसऱ्याची स्थिती समजून घेण्याचा पहिला धडा मुलांना नव्हता. तो शाळेने स्वतः गिरवला. मूल का येत नाही, हे पाहायला शाळा मुलाच्या वाटेने चालून गेली. आपण मात्र 'संवेदनशीलता' हा मूल्यशिक्षणाचा तास म्हणून मुलांना शिकवायला निघतो आणि शाळेची वेळ, शाळेची भाषा, शाळेचे शौचालय तसेच ठेवतो.

कडेवरच्या मुलावरून आठवले. कॅनडात टोरांटोला मेरी गॉर्डन या बाईंनी १९९६ साली 'रूट्स ऑफ एम्पथी' नावाचा उपक्रम सुरू केला. शेजारपाजारचे एक तान्हे बाळ आईवडिलांसह वर्षभर अधूनमधून वर्गात येते, मुले त्याच्याभोवती बसून त्याला काय हवे, ते का रडते, हे ओळखायला शिकतात. फार सुंदर कल्पना आहे. वाचताना मला हसूही आले आणि रडूही. तिकडे माया शिकवायला बाळ वर्गात आणतात. इकडे बाळ कडेवर आहे म्हणून मुलगी वर्गात येत नाही! तिला आणखी किती माया शिकवायची?

हाच प्रश्न मला आमच्या त्या शाळेतल्या एका सातवीतल्या मुलीने विचारला. हिशेब पुसून झाल्यावर, अगदी शांतपणे. 'ताई, पोरं पाणी आणायला शिकली. आम्ही काय शिकलो?'

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्याचे मन जाणणे मुली जन्मल्यापासून शिकत असतात. बाबा कोणत्या मनःस्थितीत घरी आलेत हे दाराच्या आवाजावरून ओळखतात. आजीला काय खुपले, भावाला काय हवे, सगळे त्यांना न सांगता कळावे लागते. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांची. घरातले बिनपगारी काम त्या दिवशी शंभरातल्या ८१ बायामुलींनी केले आणि २६ पुरुषमुलग्यांनी. ज्यांनी केले त्यांतही बायकांची सरासरी २९९ मिनिटे, पुरुषांची ९७. ही मोजणी सहाव्या वर्षापासून आहे, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. म्हणजे पहिलीतली मुलगी त्यात आहे. अशा मुलीला सहानुभूतीचा आणखी एक तास म्हणजे भरल्या हंड्यात पाणी ओतणे. तिला बाहेरच्या जगाचा दुसरा अनुभव हवा. बसण्याचा, रेंगाळण्याचा, लांबवर बघण्याचा.

म्हणून तिसऱ्या शनिवारी आम्ही मुलींना पारावर बसवले. काम असे की गावाचा नकाशा काढायचा आणि तो पारावर बसूनच काढायचा. गावातल्या एकाही बाईला पारावर बसलेले कुणी पाहिलेले नव्हते. मुली आधी पायरीशीच उभ्या राहिल्या. मी, आमची एक कार्यकर्ती आणि अंगणवाडीच्या सेविका अशा तिघी आधी बसलो. म्हातारी माणसे चुळबुळली, एक-दोघे उठून गेले. एक आजोबा मात्र सरकले आणि म्हणाले, 'बसा की, पार काय आमच्या बापाचाय?' पोरी बसल्या. कागद पसरले. सुरुवातीला सगळ्यांचे पाय जवळ, ओढण्या सावरलेल्या. अर्ध्या तासाने एक जण पालथी पडून चित्र रंगवत होती. आणि मग ती आधीची, प्रश्न विचारणारी मुलगी मान वर करून म्हणाली, 'हितून विहिरीची सगळी वाट दिसते. आपण पाणी घेऊन येतो ते ह्यांला पार खालपसून वरपर्यंत दिसतं.'

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, 'मग त्यांला मोजायला काय झालं होतं?'

या वाक्याला मी काही जोडत नाही.

त्या दिवशी चार मुली आल्याच नव्हत्या. चौकशी केली तर दोघींची पाळी होती. पार देवळाचा, त्यामुळे घरूनच पाठवले नाही. उरलेल्या दोघींच्या घरी 'पोरींना पारावर बसवणार' ही बातमी आधीच पोचली होती. मोकळ्यावर शिकवायचे म्हणणाऱ्या प्रत्येक शाळेने आधी हे बघावे. कुठल्या मुली येत नाहीत, आणि का. जिथे जायचे तिथे आडोसा आहे का, पाणी आहे का, बरोबर बाई आहे का. पुढच्या वेळी आम्ही देवळाचा पार सोडून ग्रामपंचायतीचा ओटा घेतला. माघार म्हणा हवे तर. पण त्या चौघींपैकी तिघी आल्या.

परिणाम काय झाला, हे तुम्ही विचारणारच. दिवाळीनंतर मी पुन्हा त्या गावी गेले. चार-पाच मुलगे शाळेआधी पाणी आणतात. डोक्यावर नाही, सायकलला कॅन अडकवून. पुरुष पाण्याला गेला की त्याला चाक लागते, हे मी इतरत्रही पाहिले आहे. पण त्या घरांतल्या आईच्या खेपा सहावरून चारवर आल्या आहेत आणि मी तेवढ्यावर खूष आहे. पळून गेलेला मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही. बाकीच्या घरांत जसे होते तसेच. मन हलले म्हणजे काम वाटले गेले असे होत नाही. ज्या घरांत फरक पडला तिथे मुलाची आठवण पुसायच्या आत कुणीतरी मोठ्या माणसाने, बहुधा आजीने, कळशी त्याच्या हातात दिली होती.

आता आपल्या गटांनी काय करायचे, ते सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असे म्हटले आहे. त्या दिवसांत सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन शिकायचे. अनेक शाळांत या दिवसांचे काय करावे हे शिक्षकांनाच कळत नाही. त्यांच्यावर आधीच माहिती भरण्याची, फोटो पाठवण्याची इतकी कामे लादलेली आहेत की त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. दहा दिवस मोकळे आहेत, तर ते आपण मागून घेऊ या. सुतार-कुंभाराबरोबर दाई, खुरपणीवाली, भाकरी करणारी, कचरा वेचणारी यांनाही त्या यादीत घालायला लावू या. त्यांच्या हातात कौशल्य नाही असे कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा भाकरी थापून दाखवावी.

हे मागण्याची जागाही आपल्याकडे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. कागदावर त्या असतातच. सह्या करायला घरी वही येते! बचत गटाच्या बैठकीला जशा जाता तशा या बैठकीला जा. एकटीने नको, दोघी-तिघींनी. आणि विषयपत्रिकेवर तीनच गोष्टी मांडा : सफाईच्या पाळ्या कशा लावल्या आहेत, पोषण आहाराच्या वेळी वाढप कोण करते आणि भांडी कोण घासते, सहलीला कोणत्या मुली येत नाहीत. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे जे प्रस्ताव २०२३ पासून येत आहेत, त्यावरही समितीत बोला. गावातली शाळा चार किलोमीटर लांब गेली, तर आधी कुणाचे नाव कमी होईल ते तुम्हाला सांगायला नको.

एक गोष्ट राहिली. पारावर माझ्या शेजारी येऊन बसल्या त्या अंगणवाडीच्या सेविका. त्या बसल्या नसत्या तर मुली बसल्या नसत्या. ताराबाई-अनुताईंच्या अंगणातला शब्द सरकारने १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेसाठी घेतला, पण त्यात काम करणाऱ्या बायकांना अजूनही पगार मिळत नाही, 'मानधन' मिळते. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या तेव्हा गावोगाव लोक विचारत होते, 'मुलांची माया नाही का यांना?' लहान मुलांना जीव लावायचे काम ज्यांना दिले त्यांनी पोटाचे बोलू नये, असा हा न्याय. गावच्या सेविका तेव्हा तालुक्याला धरण्यावर बसल्या होत्या. त्यांच्यामागे आपल्या गटातल्या किती जणी जाऊन बसल्या, हे आपापल्या मनाशी आठवून पाहावे. मी एकच दिवस गेले होते.

जूनमध्ये शाळा सुरू होतील. आम्ही आणखी दोन गावांत जाणार आहोत. तुमच्याकडे असे काही चालू असेल, फसले असेल तर जास्तच, आम्हाला कळवा. पुढच्या अंकात पाने राखून ठेवतो आहोत. फोटो नकोत. विहीर किती पावलांवर आहे, खेपा किती, आणि त्या कुणी घातल्या, एवढे लिहून पाठवा.

संपादक मंडळाच्या वतीने